ठकीला गाडीत चढवण्याची माझी पद्धत

२ मार्च, रविवार

आज ठकी गाडीत चढली नाही. पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. पुढेमागे वाद झाला तर लेखी असावं.

ठकी म्हणजे माझ्या मुलीची घोडी. तपकिरी, पोट सुटलेलं, नजर खत्रूड. दोन वर्षांपूर्वी एका रायडिंग क्लबने ती काढून टाकली आणि आमच्या चिमणीने ती उचलून आणली. बांधली कुठे, तर घरामागच्या शेडमध्ये, जिथे माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी उभी असायची. गाडी रस्त्यावर, घोडी आत. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला लिदीचा वास आहे. टॉवेलला आहे. माझ्या चष्म्याच्या घराला आहे. शी.

चिमणीला नोकरी लागलीय. दुसऱ्या गावी, जनावरांच्या दवाखान्यात. एक तारखेला हजर व्हायचं, आणि ठकीला सोबत न्यायचं. म्हणून आज घोडे न्यायची बंद गाडी ट्रायलला आणली. चिमणी तासभर दोरी धरून लाडीगोडी लावत होती. गाडीला मागे उतरती फळी असते, तिच्यावरून चढायचं. घोडी फळीवर एक पाय ठेवायची नि काढायची. ठेवायची नि काढायची. बघवेना. शेवटी मी सूत्रं हातात घेतली. तीस वर्षं माणसांना गाडी शिकवतोय, एका जनावराला गाडीत नुसतं उभं करायचं, त्यात काय एवढं.

मागून थोडा खराटा दाखवला. आवाज किंचित चढवला. घोडी उधळली, दोरी चिमणीच्या हातातून सरकत गेली, हाताला जरा खरचटलं. खराटा मोडला. नवा होता.

३ मार्च, सोमवार

चिमणीच्या तळहाताला बँडेज. डॉक्टर म्हणाले की दोरीने भाजलंय. डॉक्टरांना प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची सवयच असते.

ती माझ्याशी बोलत नाही. बायकोमार्फत निरोप आला. ठकी आपल्या मनाने गाडीत चढली तरच चिमणी तिला नेणार. महिनाअखेरपर्यंत नाही चढली, तर ठकी क्लबला परत. आणि क्लब म्हाताऱ्या घोड्या पुढे कुठे पाठवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी हिला म्हटलं की एवढं नाटक कशाला, बांधून घालू. हिने ताट जरा जोरात ठेवलं.

चिमणी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. अर्धा तास. पाणी वाया.

ठरलं. ठकीला मीच चढवणार.

५ मार्च, बुधवार

चिमणीने घोड्यांची ट्रेनर बोलावली. मला न विचारता. चाळिशीची बाई, गमबूट, केसांत गवताची काडी. काडी आहे असं मी सांगितलं तर म्हणाली की असेल. काढली नाही.

मला काका म्हणाली. माझ्यापेक्षा फार तर बारा वर्षांनी लहान असेल.

मी मुद्द्यावर आलो. विचारलं, घोडी का चढत नाही. म्हणाली, माहीत नाही. विचारलं, मग किती दिवसांत चढेल. म्हणाली, बघूया. म्हटलं, तुमची पद्धत तरी काय. म्हणाली की ठकीला विचारून ठरवू. अशा उत्तरांवर मी स्कूल चालवलं असतं तर गावातला एकही विजेचा खांब उभा राहिला नसता.

मग तिने चहा घेतला. त्याच हाताने, ज्याने घोडीचा खूर उचलून खालची घाण उकरली होती. बिस्किटसुद्धा बुडवलं. माझा चहा मी तसाच ठेवला.

चिमणीला वाटत होतं की मी या भानगडीत नसावं. बघूया मॅडमच म्हणाल्या की असू दे काकांना, त्यांनाही शिकायचं असेल. शिकायचं. मला. मी गप्प बसलो, कारण घोडामैदान जवळच आहे.

६ मार्च, गुरुवार

आजचा धडा: शेडच्या अंगणात उलट्या बादलीवर बसायचं. घोडीकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, काही मागायचं नाही. दयेने घोडा हाताळायची ही पहिली पायरी म्हणे. माणसाच्या मनात काय आहे ते घोड्याला अंगावरून कळतं.

बसलो. माशा. डोळ्यांत, कानात, एक तोंडात. घोडीने माझ्याकडे पाठ करून शेपूट वर केलं आणि काय करायचं ते केलं. तिच्या मनात काय आहे ते मलाही अंगावरून कळलं. बूट दोनदा धुतले.

९ मार्च, रविवार

प्रगती. मी जवळ गेलो की ठकी आता पुतळ्यासारखी उभी राहते. मान वर, पाय घट्ट, डोळा मोठा. पापणी हलत नाही. याला म्हणतात वचक. चार दिवसांत.

मॅडमना बोलावून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की हा वचक नाही, ही थिजलीय. माझ्या हातातल्या किल्ल्या वाजल्या की तिची कातडी थरथरते, ते बघा म्हणाल्या. मला बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवायची सवय आहे. तीस वर्षांची. त्यामागे माझं व्यक्तिमत्त्व आहे.

कातडी माशांनी थरथरते. मी म्हणालोच तसं. मॅडम म्हणाल्या की तेही असेल, बघूया, आणि मला किल्ल्या बाजूला ठेवायला लावल्या. माशा होत्या तशाच होत्या. कातडी थरथरली नाही. योगायोग.

नवा संकल्प: किल्ल्या शेडमध्ये न्यायच्या नाहीत. मॅडमनी सांगितलं म्हणून नव्हे, घाण लागते म्हणून.

१२ मार्च, बुधवार

मॅडमची विद्या स्कूलमध्ये वापरून तिचा फोलपणा सिद्ध करायचं ठरवलं. सकाळी नऊचा क्लास थरथर बाईंचा. पोस्टात आहेत, सहा महिने शिकतायत, अजून चौकात गाडी बंद पाडतात. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्यांच्या क्लासला तो माझा व्यायामच होतो.

आज बोललो नाही. पाय ब्रेकवरून काढला. खिडकीबाहेर बघत बसलो, बादलीवर बसतो तसा.

बाईंनी पूर्ण फेरी मारली. चौकातून, पुलावरून, उलट वळण घेऊन परत. एकदाही बंद नाही. उतरताना विचारलं की सर, तुमची तब्येत बरी नाही का.

म्हणजे सहा महिने मी जो ओरडलो त्याला आज फळ आलं. शिक्षकाने धीर धरावा तो असा.

१६ मार्च, रविवार

आज माझा प्रयोग. जमिनीवर चुन्याने दोन रेघा, मध्ये बाण, बाणाच्या टोकाला गाडीची फळी. माझ्या मैदानावर नवशिक्यांसाठी आखतो तसंच. चिमणीने कपाळाला हात लावला, भाजलेला नव्हे, दुसरा. मॅडम म्हणाल्या की करून बघू की, आपल्याला काय सगळं कळतंय. ही बाई कशालाच नाही म्हणत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं.

ठकीने बाण चाटला. पूर्ण बाण. मग डावी रेघ. हिरवी लाळ चुन्यात मिसळून जे झालं त्याचं वर्णन इथे करत नाही, नुकतंच जेवलोय.

मॅडम मात्र खूश. म्हणाल्या की चुना चाटते म्हणजे अंगात मीठ कमी पडत असेल. मिठाचा खडा आणून टांगला. ठकी त्याच्यावर तुटून पडली आणि संध्याकाळपर्यंत तिचं डोकं खाली आलं, कान सैल पडले. दोन वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं म्हणे.

प्रयोग यशस्वी. जेवताना हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ही म्हणाली की हो, कळलं.

चिमणी हसली वाटतं. नक्की सांगता येत नाही, घास तोंडात होता.

२० मार्च, गुरुवार

आज जे झालं ते सविस्तर.

गाडी पुन्हा आणली. ठकी फळीपर्यंत येते, फळीला चढ आहे, पायाखाली पोकळ वाजतं, आत काळोख. बिचकते. सगळे घोडीकडे बघत बसलेले. गाडीकडे बघायला अक्कल लागते. मी म्हटलं, गाडी इथे लावायचीच कशाला. शेडमागे जमिनीचा उंचवटा आहे, तिथे रिव्हर्स घेऊन मागचं तोंड उंचवट्याला टेकवा. फळी सपाट होईल. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन थेट आत.

ड्रायव्हर म्हणाला की जमणार नाही, जागा नाही. मी स्वतः बसलो. दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून एका दमात लावली.

मॅडम म्हणाल्या की हे मला सुचलंच नसतं. चिमणीने माझ्याकडे बघितलं. खराट्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि म्हणाली की बाबा, मस्त. दोनच शब्द. अंगावर मूठभर मांस चढलं.

ठकीने पुढचे दोन्ही पाय फळीवर ठेवून आत वास घेतला. आवाज नाही, ओढाताण नाही. मग उतरली. मॅडम म्हणाल्या की आजला एवढं पुरे. मला कळेना, दोन पाय चढलेत तर उरलेले दोन ढकलायला काय हरकत. तोंडाशी आलेलं सोडायची ही कसली रीत.

२३ मार्च, रविवार

मॅडम नव्हत्या. चिमणी बाजारात. मी म्हटलं, पोरगी परत येईल तेव्हा ठकी आत उभी असेल. तिचा चेहराच बघायचा होता.

किल्ल्या नव्हत्या. खराटा नव्हता. अगदी दयेने दोरी धरली. दयेने ओढली. ठकी मागे सरली. मी आणखी दयेने ओढली. तिने कान मागे पाडले, डोकं झटकलं आणि माझ्या छातीवर शिंकली. घोड्याची शिंक ज्याने अंगावर घेतली नाही त्याने आपल्या नशिबाला नावं ठेवू नयेत. चष्म्यापासून पट्ट्यापर्यंत. ओलं, कोमट, त्यात गवत. मी ओरडलो असेन. कोणीही ओरडेल.

चिमणी कुंपणाशी उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. तिने दोरी माझ्या हातातून घेतली आणि ठकीला घेऊन गेली. ठकी आता गाडीच्या वीस पावलांत यायला तयार नाही.

शर्ट टाकून दिला. ही म्हणाली की धुता आला असता. मी म्हटलं, काही गोष्टी धुऊन निघत नाहीत. शर्टाबद्दल म्हणालो.

२४ मार्च, सोमवार

चिमणीने क्लबला फोन लावला. मी दाराआडून ऐकलं. जागा आहे का एवढंच विचारत होती. आवाज अगदी सरळ होता. तेच वाईट.

बघूया मॅडम आल्या. मी सांगायच्या आत त्यांना कळलं होतं. रागावतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, पाचसहा होती, चांगली होती. रागावल्याच नाहीत. म्हणाल्या की पुन्हा खालून सुरू करू. आणि विचारलं, काका, तुम्ही येणार ना.

उत्तरं वाया गेली.

२७ मार्च, गुरुवार

आज मॅडमनी त्यांची सगळ्यात मोठी युक्ती सांगितली. ठकीने जरा जरी प्रयत्न केला, एक पाऊल, नुसती मान जरी पुढे केली, तरी आपण लगेच मागे व्हायचं. लांब जायचं. आपलं लांब जाणं हेच तिचं बक्षीस.

मला पटलं नाही. म्हटलं, गाजर हे बक्षीस. शाबासकी हे बक्षीस. मी निघून जाणं हे कुणाला बक्षीस कसं असेल.

मॅडम नुसतं हं म्हणाल्या. चिमणी खूर साफ करत होती, तिने मान वर केली नाही. ही कपडे वाळत घालत होती. तिचाही चिमटा हातातच राहिला.

तरी केलं. ठकीने मान पुढे केली की मी मागे. पुन्हा मान, पुन्हा मी मागे. असं करत करत मी कुंपणापर्यंत पोचलो, आणि ठकी पार फळीपाशी. पद्धतीत तथ्य असावं. कुंपणाशी लिदीचा ढीग होता, मागे बघितलं नाही. शी, शी.

२९ मार्च, शनिवार

उद्या जायचं. मिठाचा खडा बांधून दिला. गाजरांचं पोतं आणलं, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलं. चिमणीनेच पोत्याचं तोंड दोरीने बांधलं, त्या दुखऱ्या हाताने. मी बांधतो म्हटलं तर म्हणाली की बरा झालाय आता. बघू, म्हटलं. तिने हात उघडून दाखवला. तळव्यावर आडवा पट्टा आहे, गुलाबी. राहील बहुतेक.

ड्रायव्हरला बजावलं. वळणावर दुसरा गिअर. गचका बसता कामा नये. आणि एकदा घोडी आत चढली की मुक्कामापर्यंत गाडी थांबवायची नाही, मधे कोणी कितीही हात करो. थांबली गाडी की बिथरतात. त्याने मान डोलावली. तीनदा वदवून घेतलं.

उद्या माझ्या देखरेखीखाली घोडं गंगेत न्हाणार.

३० मार्च, रविवार. सकाळी

गाडी मी लावली. मागच्या वेळेपेक्षा चांगली.

नवे रबरी बूट घातले, आवाज होत नाही असे. किल्ल्या घरात ठेवल्या. कोपऱ्यात बादलीवर बसलो. बघितलं नाही, बोललो नाही, काही मागितलं नाही.

ठकी फळीवर आली. पुढचे दोन पाय आत. मग थांबली. तिचा एक कान माझ्याकडे वळला. मागे उतरली. पुन्हा चढली. पुन्हा तोच कान. पुन्हा उतरली.

 मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

मग चिमणी माझ्याजवळ आली. म्हणाली की बाबा, वाटेसाठी गाजरं राहिलीच आणायची. कोपऱ्यावरून आणता का जरा.

विचारलं, किती आणू. म्हणाली की पाच किलो. नीट निवडून घ्या म्हणाली, घाई नाही.

आता निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

निवडून घेतली. एकेक. भाजीवाला वैतागला, म्हणाला की साहेब, गाजरं आहेत, स्थळ बघताय का. त्याच्याकडची अर्धी सडकी होती. मातीने हात बरबटले. एरवी मी त्याला सुनावलं असतं.

पिशवी भरली, तरी तिथेच उभा राहिलो. घाई नव्हती.

मग गाडी वळणावर दिसली. हळू, दुसऱ्या गिअरमध्ये. चिमणी पुढे बसलेली. मला बघून ती ड्रायव्हरला काहीतरी बोलली, हात पण दाखवला. ड्रायव्हरने मान हलवली. नाही म्हणाला. मीच बजावलं होतं ना.

तिने खिडकीतून हात बाहेर काढला, तोच हात. गाडी माझ्या अगदी जवळून गेली तेव्हा वरच्या फटीतून ठकीचं नाक दिसलं. चारा चघळत होती. मी हललो नाही. हात करायचा होता, पण पिशवीचा आवाज झाला असता.

वरातीमागून घोडं म्हणतात. इथे घोडं पुढे गेलं नि मी गाजरं घेऊन मागे.

घरी आलो तर मॅडम गमबूट धूत होत्या. विचारलं, किती वेळ लागला. म्हणाल्या की तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि ती चढली. मग म्हणाल्या की गाडी फार छान लावली होतीत काका. मी म्हटलं, चहा घेणार का. त्यांनी त्याच हाताने घेतला. मीही घेतला.

३१ मार्च, सोमवार

चिमणीचा मेसेज. पोचलो. ठकी आपली आपण उतरली, खातेय. पोत्यातली गाजरं आवडली तिला.

पोत्यातली.

शेड रिकामी झाली. जुनी गाडी आत घेता येईल. सकाळी उघडून बघितली, वास आहे अजून. थोडा वेळ बादलीवर बसलो. माशासुद्धा गेल्यात.

हिने विचारलं की गाजरांचं काय करायचं. घरात आता आम्ही दोघंच. पाच किलो कधी संपणार.